पेटंटचा वकील पारखून घ्यावा

नाशिकच्या सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहतींतून हिंडणाऱ्यास एक गोष्ट सहज दिसून येते. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या लहान लहान कार्यशाळांत रोज काही ना काही नवे घडत असते. कोणी फिक्स्चरची रचना अशी बदलतो की दोघांचे काम एका कामगारावर भागावे. कोणी पत्रा कमी वाया जावा म्हणून डायमध्ये फेरफार करतो. निफाड-दिंडोरीकडील द्राक्षबागायतदारही या बाबतीत मागे नाहीत. फवारणीचा ब्लोअर आपल्या बागेतील ओळींच्या अंतराप्रमाणे दुरुस्त करून घेणारे शेतकरी तेथे आढळतात. यांपैकी बहुतेकांना आपण काही शोध लावला आहे असे वाटतही नाही. ज्याला वाटते त्याच्यापुढे मात्र लगेच प्रश्न उभा राहतो, की याचे पेटंट घ्यावयाचे तर जावे कोणाकडे?

घराचे खरेदीखत करावयाचे असले तर मनुष्य चार ठिकाणी विचारतो. मुलीचे लग्न ठरविताना दहा घरी चौकशी करतो. पेटंटच्या बाबतीत मात्र एखाद्या प्रदर्शनात हाती पडलेले कार्ड, किंवा हिशेब पाहणाऱ्या चार्टर्ड अकौंटंटने सुचविलेले नाव, एवढ्यावर काम भागविले जाते. याचे कारण आळस हे नव्हे. या सेवेची परीक्षा कशी करावी हेच ग्राहकास ठाऊक नसते. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन अशा व्यवहारांचे विवेचन केले, आणि २००१ साली नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्यांत त्याची गणना झाली. मालाचे गुणदोष विकणाऱ्याला माहीत आणि घेणाऱ्याला अज्ञात अशी स्थिती असली, म्हणजे घेणारा सरासरी मालाचीच किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगला माल विकणे परवडत नाही. म्हणून चांगला माल बाजारातून हळूहळू नाहीसा होतो आणि वाईट माल मागे उरतो. पेटंटचे अर्ज लिहून देण्याच्या व्यवसायाला हे विवेचन अधिकच लागू पडते. जुन्या मोटारीचा दोष महिन्याभरात रस्त्यावर कळतो. पेटंटमधला दोष कित्येक वर्षांनी न्यायालयात, आणि तोही प्रतिपक्षाच्या वकिलाकडून, कळण्याचा संभव असतो.

शब्दांची चतुःसीमा

पेटंट, म्हणजे शासकीय परिभाषेतील एकस्व, हा शोधक आणि समाज यांच्यातील एक सौदा आहे. शोधकाने आपली युक्ती कुशल कारागिराला वापरता येईल इतक्या स्पष्टपणे लिहून द्यावयाची आणि त्याच्या मोबदल्यात राज्यसंस्थेने अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे इतरांना तिचा वापर करण्यास मज्जाव करण्याचा अधिकार त्याला द्यावयाचा, असे या सौद्याचे स्वरूप. २० एप्रिल १९७२ पासून अमलात आलेला १९७० चा पेटंट कायदा आणि त्याच्या पुढील दुरुस्त्या यांनुसार अर्ज साधारणपणे अठरा महिन्यांनी प्रकाशित होतो. त्यानंतर तो कोणालाही वाचता येतो. सौद्यातील शोधकाची बाजू अशा रीतीने निश्चितपणे पुरी होते. समाजाने द्यावयाचा मोबदला मात्र अनिश्चित असतो. तो किती मिळेल हे अर्जाच्या अखेरीस क्रमांक घालून लिहिलेल्या काही वाक्यांवर ठरते. या वाक्यांना दावे म्हणतात, व्यवहारात त्यांचा उल्लेख ‘क्लेम्स’ असा होतो.

जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमेला जे महत्त्व, तेच पेटंटमध्ये दाव्यांना. खतात जमिनीचे वर्णन कितीही रसाळ केले तरी हक्क चतुःसीमेतील जमिनीपुरताच राहतो. दावा अरुंद लिहिला गेला, तर शेजारचा कारखानदार एक स्क्रू इकडचा तिकडे करून तीच वस्तू बिनदिक्कत करू लागतो. आणि ती कशी करावी हे त्याला शोधकानेच अर्जात शिकविलेले असते. दावा वाजवीपेक्षा रुंद लिहिला, तर तो आधीच्या ज्ञानावर आदळून रद्द होतो. म्हणूनच वाईट लिहिलेले पेटंट हे पेटंट नसण्यापेक्षाही वाईट. गुपित गेले, पैसा गेला, आणि हाती एक प्रमाणपत्र राहिले, अशी अवस्था होते. ते प्रमाणपत्रसुद्धा हक्काच्या वैधतेची हमी देत नाही, असे कायद्याच्या तेराव्या कलमातच म्हटले आहे.

शब्दांवर किती अवलंबून असते हे महाराष्ट्रातील एका गाजलेल्या वादाने दाखवून दिले. पुण्याच्या बजाज ऑटो या कंपनीला लहान व्यासाच्या सिलिंडरमध्ये दोन स्पार्क प्लग बसविलेल्या इंजिनासाठी २००५ साली पेटंट मिळाले. टीव्हीएस कंपनीने २००७ साली आपल्या नव्या मोटारसायकलीत दोन प्लगचेच, परंतु तीन व्हॉल्व्हचे इंजिन आणले, आणि प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले. बजाजच्या पेटंटचा आवाका दोन व्हॉल्व्हच्या इंजिनापुरताच आहे की तीन व्हॉल्व्हच्या इंजिनासही तो व्यापतो, हा तेथे मोठा वादविषय झाला. एकल न्यायाधीशांनी फेब्रुवारी २००८ मध्ये मनाई हुकूम दिला. खंडपीठाने मे २००९ मध्ये तो उठविला. त्याच वर्षी सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने विक्रीस परवानगी देऊन हिशेब ठेवण्यास सांगितले आणि दावा लवकर निकालात काढण्याचा आदेश दिला. पुढे २०१९ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसांत तडजोड केली. बजाज आणि टीव्हीएस यांना बारा वर्षांची लढाई झेपली. अंबडच्या शेडमध्ये सहा कामगार घेऊन काम करणाऱ्याला बारा महिन्यांचीही झेपणार नाही. त्याचे संरक्षण अर्ज लिहिला जातो त्याच दिवशी व्हावयास हवे.

दुसरे उदाहरण भांड्यांचे आहे. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या नाशिकला ते जवळचे वाटेल. उत्तर प्रदेशातील मिर्झापूरच्या एका भांडी उत्पादक संस्थेने लेथवर कातकाम करताना भांडे पकडून ठेवण्याच्या युक्तीसाठी १९५१ साली पेटंट घेतले होते. प्रतिस्पर्ध्याने तीच पद्धत वापरली म्हणून दावा झाला. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि डिसेंबर १९७८ मध्ये त्याचा निकाल पेटंट रद्द होण्यात झाला. कार्यशाळेतील नेहमीची सुधारणा, म्हणजे कोणाही कुशल कारागिराला सहज सुचावा असा फेरफार, हा शोध ठरत नाही. जुन्याच गोष्टींचा संयोग केला असेल तर त्यातून काही नवे निष्पन्न झाले पाहिजे, हे तत्त्व या निकालाने पक्के केले. सत्तावीस वर्षांनी मिळालेले हे उत्तर पहिल्याच भेटीत कोणी स्पष्टपणे सांगितले असते, तर ते कटू वाटले असते खरे. पण किती स्वस्त पडले असते!

पहिली कसोटी: तो काय विचारतो

चांगल्या सल्लागाराची पहिली खूण म्हणूनच त्याच्या प्रश्नांत शोधावी. वस्तू पाहताच जो पेटंटच्या खर्चाचा आकडा सांगतो त्याच्यापासून सावध राहिलेले बरे. कारण पुष्कळ वेळा पेटंट हे औषधच नसते. बागायतदाराने द्राक्षाची नवी जात निवडून काढली, तर आपल्या कायद्यात वनस्पतीला पेटंट मिळत नाही. तिच्यासाठी २००१ चा पीकवाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. शेतीची पद्धत कितीही नवी असली तरी तीही पेटंटच्या बाहेर ठेवलेली आहे. येवल्याच्या पैठणीला भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळाले आहे. नुसता आकार किंवा रूप नवे असेल तर डिझाइनची नोंदणी पुरते. एखादी प्रक्रिया बंद खोलीत होत असेल आणि तयार मालावरून ती कोणाला ओळखता येत नसेल, तर ती गुप्त ठेवणेच कधी कधी शहाणपणाचे ठरते. ‘पेटंट घेऊ नका’ असे सांगणारा सल्लागार स्वतःच्या उत्पन्नावर पाणी सोडत असतो. त्याचा शब्द या एकाच कारणाने अधिक वजनदार मानावयास हरकत नाही.

त्याचा दुसरा प्रश्न असा असावा, की ही वस्तू आजवर कोणाला दाखविली आहे काय, विकली आहे काय? अर्ज करण्यापूर्वी वस्तू जगजाहीर झाली तर तिचे नावीन्य सामान्यतः संपते. प्रदर्शनातील मांडणीला कायद्यात सवलत आहे. परंतु ती केंद्र शासनाने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती आणि बारा महिन्यांच्या मर्यादेतच. औद्योगिक प्रदर्शनात गाळा घेऊन यंत्र चालवून दाखवावयाचे आणि नंतर सवडीने पेटंटचा विचार करावयाचा, या क्रमाने आपल्याकडील किती हक्क बुडाले असतील याची गणती कोणी केलेली नाही.

तिसरा प्रश्न हक्काच्या मालकीचा. सुटे भाग करणारा लघुउद्योजक बहुधा मोठ्या कारखान्याच्या ड्रॉइंगवरून काम करतो. पुरवठ्याच्या करारात सुधारणांचा हक्क ग्राहकाकडे राहील असे एखादे कलम बारीक अक्षरांत असू शकते. नोकरीत असणाऱ्याच्या बाबतीत नेमणुकीच्या अटी पाहाव्या लागतात. हे कागद न मागता जो अर्ज लिहावयास बसतो, त्याने पाया न पाहता भिंत उभारण्यास घेतली असे समजावे.

नोंदणी आणि मागील काम

यानंतर पात्रतेचा विचार. लोकव्यवहारात ज्याला सरसकट पेटंटचा वकील म्हणतात तो पुष्कळदा कायद्याच्या भाषेत पेटंट एजंट असतो. पेटंट कार्यालयापुढे एजंट म्हणून व्यवसाय करण्यास त्याचे नाव शासकीय नोंदवहीत असावे लागते. त्यासाठी विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रशास्त्राची पदवी आणि पेटंट कार्यालयाची परीक्षा असा सर्वसाधारण मार्ग आहे. या परीक्षेत दाव्यांच्या लेखनाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. नोंदवही पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळते. नाव आणि क्रमांक ताडून पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. न्यायालयात दावा लढविणे हे मात्र वकिलाचे काम. दिवाणी न्यायालयात नावाजलेला वकील दाव्यांची भाषा उत्तम लिहीलच असे नाही, आणि उत्तम एजंटाला न्यायालयात उभे राहता येईलच असेही नाही. कोणत्या टप्प्यावर कोण हवा हे ओळखले पाहिजे.

पदवीचा विषयही पाहावा. रसायनशास्त्राच्या पदवीधराने गिअरबॉक्सचा अर्ज लिहिणे नियमाला धरून असेल. व्यवहाराला धरून असेलच असे नाही. यंत्र असेल तर सल्लागाराने एकदा तरी कारखान्यात येऊन ते चालताना पाहावे, असा आग्रह धरण्यात काही गैर नाही. मुंबईचे पेटंट कार्यालय अँटॉप हिल येथे असले तरी अर्ज आता ऑनलाइन दाखल होतात. म्हणून सल्लागार मुंबईचाच हवा असे राहिलेले नाही. तो नाशिकचा असो की नागपूरचा, यंत्रापर्यंत येणारा असावा.

सर्वांत मोठी कसोटी पुढेच आहे, आणि तिचा उपयोग फार थोडे लोक करतात. डॉक्टरांचे जुने केसपेपर रोग्याला पाहता येत नाहीत. पेटंट एजंटाचे काम मात्र बरेचसे उघड्यावर असते. प्रकाशित झालेला अर्ज, पेटंट कार्यालयाच्या परीक्षकाने काढलेले आक्षेप, त्यांना दिलेले उत्तर आणि अखेर मंजूर झालेले दावे हे सारे शासनाच्या संकेतस्थळावर वाचता येते. सल्लागाराकडून त्याने हाताळलेल्या तीनचार अर्जांचे क्रमांक मागून घ्यावेत आणि दोनच गोष्टी पाहाव्यात. आरंभीचा पहिला दावा आणि मंजूर झालेला पहिला दावा शेजारी ठेवून मध्ये किती गळून पडले ते पाहावे. आणि आक्षेपांचे उत्तर मुदतीत, मुद्देसूद दिले आहे की अर्ज सोडून दिलेला आहे, ते तपासावे. हे वाचण्यास कायद्याची पदवी लागत नाही. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातील विद्यार्थी हे करू शकेल. अ‍ॅकरलॉफने वर्णिलेल्या बाजारात जी माहिती ग्राहकाला दुर्लभ असते, ती येथे फुकट पडून आहे. क्रमांक देण्यास जो टाळाटाळ करील त्याच्याविषयी अधिक चौकशी करण्याचे कारण उरत नाही.

पैसा, मुदती आणि निष्ठा

फीविषयी स्पष्ट बोलण्याचा संकोच आपल्याकडे फार. शासकीय शुल्क किती आणि सल्लागाराचे मानधन किती हे वेगवेगळे लिहून घ्यावे. व्यक्ती, मान्यताप्राप्त नवउद्योग, लघुउद्योग आणि शिक्षणसंस्था यांना ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क १,६०० रुपये आणि तपासणीच्या विनंतीचे शुल्क ४,००० रुपये आहे. त्यावरील रक्कम ही लेखनाची, आधीच्या ज्ञानाच्या शोधाची आणि पुढील पत्रव्यवहाराची किंमत होय. ही किंमत फारच थोडी सांगितली जात असेल, तर तेवढ्यात किती तास काम होईल याचा विचार करावा. आक्षेपांना उत्तर देण्याचे मानधन आरंभीच ठरवावे. कारण स्वस्तात दाखल झालेले अर्ज पुष्कळदा याच टप्प्यावर बेवारस होतात.

मुदतींचीही तीच गोष्ट. तात्पुरता तपशील दाखल केल्यापासून बारा महिन्यांत पूर्ण तपशील, मार्च २०२४ च्या नियमांनुसार नव्या अर्जांसाठी एकतीस महिन्यांत तपासणीची विनंती, आणि आक्षेपपत्रास सहा महिन्यांत उत्तर, हे टप्पे चुकले की केलेले श्रम व्यर्थ जातात. पत्रव्यवहारासाठी केवळ सल्लागाराचा पत्ता न देता आपलाही ईमेल कळवावा, आणि या तारखा स्वतःच्या भिंतीवरील दिनदर्शिकेतही लिहून ठेवाव्यात.

याहून नाजूक प्रश्न निष्ठेचा आहे. नाशिकसारख्या शहरात अनेक लहान कारखाने थोड्याशा मोठ्या कारखान्यांना माल पुरवितात. त्या मोठ्या कारखान्याचाच सल्लागार लहान पुरवठादाराचाही सल्लागार झाला, तर उद्या दोघांचे हितसंबंध आड आल्यावर तो कोणाच्या बाजूने उभा राहील? तेव्हा या क्षेत्रात तो आणखी कोणाचे काम पाहतो हे पहिल्याच दिवशी विचारावे, आणि गुप्ततेचे लेखी आश्वासन घेतल्यावाचून ड्रॉइंग टेबलावर ठेवू नये. पेटंट मिळवून देण्याची हमी देणारा मनुष्य मात्र या सर्व प्रश्नांच्या आधीच बाद करावा. मंजुरी परीक्षकाच्या हाती असते. तिची हमी कोणालाच देता येत नाही.

महाविद्यालयांतील नवा बाजार

अलीकडे या बाजारात एक नवा ग्राहक आला आहे, आणि तो खुद्द शिक्षक आहे. २०२३-२४ या वर्षात देशात ९० हजारांहून अधिक अर्ज दाखल झाले आणि एक लाखाहून अधिक पेटंटे मंजूर झाली. शिक्षणसंस्थांतून होणारे अर्जही वाढले आहेत. यात अभिमानास्पद असे पुष्कळ आहे. परंतु मानांकनाच्या निकषांत पेटंटच्या नुसत्या प्रकाशनालाही गुण मिळतात, तेव्हा प्रकाशन हेच साध्य होऊन बसते. वास्तविक अर्ज अठरा महिन्यांनी आपोआप प्रकाशित होतो. शुल्क भरून विनंती केली तर त्याहून लवकरही होतो. गुणवत्तेचा तेथे संबंध नाही. तयार अर्जावर शोधक म्हणून नाव घालून देण्याचा, किंवा परदेशातील डिझाइनच्या नोंदणीला पेटंट म्हणून खपविण्याचा धंदा याच मागणीवर पोसला जातो. ब्रिटनमध्ये डिझाइनची नोंदणी नावीन्याची तपासणी न करताच होते, एवढे लक्षात घेतले म्हणजे त्या प्रमाणपत्राचे मोल कळते. ज्या शिक्षकाने असे नाव विकत घेतले, तो कारखान्यातील शोधकाला प्रामाणिक सल्लागार कसा ओळखावा हे कोणत्या तोंडाने शिकविणार?

एवढा सारा खटाटोप लहान माणसाला परवडणार कसा, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्तच आहे. केंद्र शासनाने २०१६ साली सुरू केलेल्या योजनेत नवउद्योगांच्या सहायकाचे मानधन स्वतः देण्याचे तत्त्व स्वीकारले. औपचारिक शिक्षण नसलेल्या शोधकांसाठी २००० साली स्थापन झालेले राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान पेटंटच्या कामी साहाय्य करते. नागपूरला बौद्धिक संपदेचे शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था आहे. मात्र मानधन कोणीही दिले तरी पारख शोधकालाच करावी लागते. ठरीव रकमेत काम करणाऱ्या सहायकालाही ते लवकर उरकण्याचा मोह होऊ शकतो.

यावर नाशिकपुरता एक उपाय सुचविता येईल, आणि त्यास मोठ्या निधीची गरज नाही. ‘निमा’ आणि ‘आयमा’ या येथील उद्योजकांच्या संघटनांनी शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या सहकार्याने नोंदणीकृत पेटंट एजंटांची एक सूची तयार करावी. त्या सूचीत पत्ता आणि दूरध्वनी यांच्याबरोबर प्रत्येकाच्या पदवीचा विषय, त्याने हाताळलेल्या प्रकाशित अर्जांचे क्रमांक, त्यांपैकी किती मंजूर झाले, किती सोडून दिले गेले आणि टप्प्याटप्प्याचे मानधन किती, हे नमूद असावे. अर्ज वाचून ही माहिती भरण्याचे काम विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली करावे. त्यांना ते कोणत्याही प्रकल्पाहून अधिक शिकवील. सूची दर वर्षी सुधारून संघटनेच्या फलकावर लावावी. ज्यांचे काम चांगले आहे अशा सल्लागारांचा तिला विरोध होण्याचे कारण नाही. उलट वाजवी फी मागण्याचा आधारच तिच्यामुळे त्यांना मिळेल. आणि सातपूरचा कारखानदार आपली युक्ती घेऊन घराबाहेर पडेल तेव्हा कोणाचे दार ठोठवावे हे त्याला एखाद्या कार्डावरून ठरवावे लागणार नाही.